बाइंड यशस्वी, पण पासवर्ड तपासलाच नाही: वर्कफ्लोतील लॉगिन तपासणीचे एक प्रकरण

प्रकरण उघडकीस आले ते एका गळालेल्या अक्षरामुळे. प्रवेश दिल्याच्या नोंदी चाळताना एक लॉगिन नाव असे सापडले, जे डिरेक्टरीत, म्हणजे सगळ्यांच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीत, कुठेच नव्हते. भरणाऱ्याने घाईत स्वतःच्याच नावातले एक अक्षर गाळले होते. तरीही तपासणीच्या पायरीपुढे हिरवी खूण होती, निकाल ‘यशस्वी’ होता आणि प्रॉडक्शन सर्व्हरचा चार तासांचा प्रवेशही देऊन झाला होता. जो माणूस डिरेक्टरीत नाहीच, त्याचा पासवर्ड सर्व्हरने बरोबर कसा ठरवला?

मांडणी साधी होती. सर्व्हरवर तात्पुरता प्रवेश हवा असलेला माणूस एक फॉर्म भरतो. त्यात लॉगिन नाव, पासवर्ड आणि हव्या असलेल्या सर्व्हरचे नाव असते. वर्कफ्लोची पहिली पायरी फॉर्ममधली माहिती उचलते, दुसरी ती ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीकडून तपासून घेते आणि तिसरी प्रवेश खुला करते. ही डिरेक्टरी चालवणारे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, दोन. दुसऱ्या पायरीतली स्क्रिप्ट जेमतेम वीस ओळींची होती: लॉगिन नावापुढे डोमेनचे नाव जोडायचे, एलडॅप या डिरेक्टरीशी बोलण्याच्या प्रोटोकॉलने जोडणी उघडायची, ते नाव आणि पासवर्ड देऊन सिंपल बाइंड (जोडणीवर आपली ओळख सांगण्याची विनंती) करायचा, निकालाचा कोड ० आला तर पुढे जायचे, दुसरे काही आले तर पायरी नापास. जगभरातल्या असंख्य स्क्रिप्टमध्ये लॉगिनची तपासणी अशीच लिहिलेली सापडते, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे आहे.

रिकामा पासवर्ड आणि कोड ०

काही दिवसांपूर्वी फॉर्मची डागडुजी झाली होती आणि तीत पासवर्डच्या रकान्याचे अंतर्गत नाव बदलले होते. दुसरी पायरी मात्र जुन्याच नावाने तो रकाना मागत राहिली. त्या नावाचे काहीच सापडत नसल्याने वर्कफ्लोचे टेम्प्लेट इंजिन (रकान्यांच्या नावांच्या जागी मूल्ये भरणारा भाग) त्या जागी रिकामी अक्षरमाळा भरत होते. त्रुटी नाही, इशारा नाही. म्हणजे त्या बदलापासून प्रत्येक विनंती भरलेले नाव आणि रिकामा पासवर्ड घेऊन डोमेन कंट्रोलरकडे जात होती आणि प्रत्येक वेळी उत्तर ० येत होते.

हा सर्व्हरमधला दोष नव्हे. एलडॅपच्या प्रमाणीकरणाचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ४५१३ या २००६ सालच्या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात सिंपल बाइंडचे तीन प्रकार स्पष्ट वेगळे केलेले आहेत. नाव रिकामे, पासवर्डही रिकामा, तो अनामिक बाइंड. नाव आहे, पासवर्डही आहे, तो खरा नाव-पासवर्डाचा बाइंड. आणि नाव आहे पण पासवर्ड शून्य लांबीचा, तो तिसरा प्रकार. यात नाव फक्त नोंदीपुरते घेतले जाते, कोणाचीही ओळख पटवली जात नाही आणि जोडणी अनामिकच राहते. सर्व्हर ० पाठवतो तेव्हा त्याला म्हणायचे असते, ‘तुमची अनामिक जोडणी मान्य.’ स्क्रिप्टने त्याचा अर्थ लावला, ‘पासवर्ड जुळला.’ त्या नावाचे कोणी आहे की नाही, हे पाहण्याचे सर्व्हरला कारणच नव्हते. गळालेले अक्षर पार पडले ते त्यामुळे.

हाच दस्तऐवज पुढे म्हणतो, की सर्व्हरने अशी विनंती मुळात ५३ हा कोड देऊन नाकारावी, आणि पासवर्ड मागणाऱ्या क्लायंटने रिकामा पासवर्ड पुढे जाऊच देऊ नये. ओपनएलडॅप हा मुक्तस्रोत डिरेक्टरी सर्व्हर ही शिफारस पाळतो. वेगळी परवानगी दिल्याशिवाय तो असा बाइंड ५३ देऊन परत पाठवतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी मात्र डीफॉल्ट मांडणीत तो स्वीकारते. विंडोज सर्व्हर २०१९ पासून डिरेक्टरी सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये ‘डिनायअनऑथेंटिकेटेडबाइंड’ हे मूल्य १ केले तर तो बंद करता येतो, पण ते कोणीतरी मुद्दाम करावे लागते.

आणि इथेच चाचणी का फसली ते कळते. चाचणीच्या वातावरणात कंटेनरमध्ये ओपनएलडॅप उभे केलेले होते. रिकाम्या पासवर्डाची चाचणी लिहिलेलीही होती आणि ती दर वेळी ‘नापास व्हायला हवे, नापास झाले’ असे दाखवत होती, कारण नकार सर्व्हर देत होता, स्क्रिप्ट नव्हे. प्रॉडक्शनमध्ये सर्व्हर बदलला आणि कवच गेले. एलडॅप म्हणजे सगळीकडे एकच वागणूक, हा समज या कामात फार महागात पडतो. ज्या जातीचा सर्व्हर प्रत्यक्षात आहे, त्याच जातीच्या सर्व्हरवर चाचणी घ्या.

दुसऱ्या पायरीतले रकान्याचे नाव सुधारलेच, पण तातडीचा खरा इलाज दोन ओळींचा. पासवर्ड नसला किंवा त्याची लांबी शून्य असली, तर सर्व्हरकडे जायचेच नाही, पायरी तिथेच नापास. ही अट फॉर्मवर पुरत नाही. बाइंडच्या अगदी आधीच्या ओळीवर ती हवी, कारण फॉर्म आणि बाइंड यांच्यामधल्या वाटेवर पासवर्ड कुठेही गळू शकतो. सोबत टेम्प्लेट इंजिनचे कडक सेटिंग सुरू केले, म्हणजे न सापडलेल्या चलासाठी रिकामी जागा न भरता ते थांबते. एक सावधगिरी: पासवर्डाच्या आगेमागे असलेल्या मोकळ्या जागा छाटू नका. त्या पासवर्डाचा भाग असू शकतात, आणि नुसत्या स्पेसचा पासवर्ड छाटला तर पुन्हा शून्य लांबी हाती येते.

मग अकाउंट लॉक होऊ लागले

दुरुस्ती गेली त्याच दिवशी दुपारी मदत कक्षाकडे तक्रारी सुरू झाल्या: एकदाच पासवर्ड चुकला आणि अकाउंट लॉक झाले. दुरुस्ती मागे घ्यावी, असा आग्रहही झाला. दुरुस्तीने खरे तर काही बिघडवले नव्हते. इतके दिवस पासवर्ड तपासलाच जात नसल्याने जो दोष दडून होता, तो आता वर आला एवढेच.

हिशेब असा. वर्कफ्लो इंजिनचे सर्वसाधारण धोरण होते की पायरी नापास झाली तर दहा-दहा सेकंदांनी आणखी तीन वेळा प्रयत्न करायचा. म्हणजे एकूण चार. स्क्रिप्टमध्ये दोन्ही डोमेन कंट्रोलरची नावे होती आणि पहिल्याकडून कोणतीही त्रुटी आली की दुसऱ्याकडे जायचे असे लिहिलेले होते. ‘कोणतीही त्रुटी’ यात चुकीचा पासवर्डही आला. चार गुणिले दोन, आठ बाइंड. लॉकआउटची मर्यादा, म्हणजे किती चुकांनंतर अकाउंट लॉक व्हायचे ती संख्या, होती पाच. माणसाने एक अक्षर एकदा चुकवले आणि अर्ध्या मिनिटात त्याच्या नावावर आठ चुकीचे प्रयत्न जमा झाले.

चुका दोन सर्व्हरवर वाटल्या गेल्या तर वाचू, असेही नाही. चुकीच्या प्रयत्नांची संख्या धरणारे ‘बॅडपीडब्ल्यूडीकाउंट’ हे गुणधर्म-मूल्य प्रत्येक डोमेन कंट्रोलर आपापले ठेवतो आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे उतरत नाही, हे खरे. पण पासवर्ड चुकला असे दिसले की कंट्रोलर ती विनंती पीडीसी एम्युलेटर ही खास भूमिका असलेल्या एका कंट्रोलरकडे एकदा पडताळायला पाठवतो. न जाणो, पासवर्ड नुकताच बदललेला असेल. त्यामुळे साऱ्या चुका त्याच्याकडे एकत्र मोजल्या जातात. लॉकआउटची ४७४० क्रमांकाची नोंदही म्हणूनच पीडीसी एम्युलेटरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये आधी पाहावी. ती विनंती कोणत्या यंत्राकडून आली ते तीत दिसते. इथे सिंपल बाइंड असल्यामुळे यंत्र म्हणून बहुधा डोमेन कंट्रोलरचेच नाव दिसते, वर्कफ्लोच्या सर्व्हरचे नाही, आणि शोधणारा भलत्याच वाटेला लागतो.

पुन्हा प्रयत्न कधी करावा, याचा नियम आम्ही एका वाक्यात बांधतो: बाइंडची विनंती तारेवर जाण्याआधी काही बिघडले तरच. नाव सोडवता आले नाही, जोडणी झाली नाही, जोडणी कूटबद्ध करणाऱ्या टीएलएसचा हस्तांदोलनाचा टप्पा फसला, तर दुसऱ्या सर्व्हरकडे खुशाल जा. ५१ म्हणजे सर्व्हर व्यग्र आणि ५२ म्हणजे उपलब्ध नाही, हे कोड आले तरी हरकत नाही, कारण पासवर्डाबद्दल सर्व्हरने काही म्हटलेले नसते. ४९ आला तर तिथेच थांबा. आणि बाइंड पाठवल्यानंतर टाइमआउट झाला तरीही थांबा. सर्व्हरने चूक मोजली आणि फक्त उत्तर वाटेत हरवले, असे असू शकते. या तपासणीच्या पायरीपुरते इंजिनचे रिट्राय शून्य केले आणि जोडणीपुरता एक पुनर्प्रयत्न स्क्रिप्टच्या आत ठेवला.

टाइमआउटही हातानेच ठरवावे लागले. डोमेन कंट्रोलर बंद असेल आणि पाकिटे नुसतीच गिळली जात असतील, तर लिनक्सच्या डीफॉल्ट सेटिंगने जोडणीचा प्रयत्न सोडायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात फॉर्म भरणारा तीनदा बटण दाबतो. जोडणीला ३ सेकंद आणि उत्तराला ५ सेकंद इतकी मुभा या जाळ्यात पुरली.

४९ म्हणजे नेहमीच चुकीचा पासवर्ड नव्हे

एलडॅपच्या दृष्टीने ४९ म्हणजे ‘ओळखपत्रे अमान्य’, बस. पण ॲक्टिव्ह डिरेक्टरी सोबतच्या संदेशात ‘डेटा’ या शब्दापुढे एक सोळा-आधारी अंक देते आणि खरी हकिकत तिथे असते. ५२ई म्हणजे पासवर्ड चुकीचा. ५२५ म्हणजे असे नावच नाही. ५३२ म्हणजे पासवर्डाची मुदत संपली. ५३३ अकाउंट बंद, ७०१ अकाउंटची मुदत संपली, ७७३ म्हणजे पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलणे सक्तीचे, ७७५ म्हणजे अकाउंट लॉक.

५३२ आणि ७७३ येतात ते पासवर्ड बरोबर असतानाच. त्या माणसाला ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असे सांगितले की तो आपल्याला आठवणारे सगळे जुने पासवर्ड एकेक करून घालून पाहतो आणि शेवटी लॉक होतो. ७७५ चे उलट आहे. अकाउंट एकदा लॉक झाले की बरोबर पासवर्डालाही तेच उत्तर मिळते. म्हणून या तिन्ही स्थितींचे वेगळे संदेश फॉर्मवर दिले: मुदत संपलेल्यांना पासवर्ड बदलण्याच्या पानाचा पत्ता आणि लॉक झालेल्यांना थांबण्याची सूचना. ५२५ आणि ५२ई यांना मात्र मुद्दाम एकच वाक्य. नाव अस्तित्वात आहे की नाही, हे बाहेरच्याला कळता कामा नये. अंतर्गत लॉगमध्ये मूळ अंक जसाच्या तसा नोंदवला जातो, पासवर्ड सोडून.

नवी पायरी

नवी पायरी आधी शोध आणि मग बाइंड या पद्धतीने बांधली. सुरुवातीला वाचनापुरते अधिकार असलेल्या सर्व्हिस अकाउंटने (माणसाच्या नव्हे, प्रोग्रामच्या वापरासाठीच्या खात्याने) जोडणी उघडायची आणि लॉगिन नावावरून नोंद शोधायची. शोधाच्या फिल्टरमध्ये नाव घालण्याआधी त्यातली खास चिन्हे बदलून घ्यावी लागतात: तारांकनाऐवजी बॅकस्लॅश आणि २ए, उघड्या कंसाऐवजी बॅकस्लॅश आणि २८, बंद कंसाऐवजी २९, खुद्द बॅकस्लॅशऐवजी ५सी आणि शून्य बाइटऐवजी ००. हे हाताने लिहू नका, बहुतेक प्रत्येक एलडॅप लायब्ररीत त्यासाठी तयार फंक्शन असते. ते वगळले तर लॉगिन नावात नुसते तारांकन टाकणाऱ्याला सर्व्हर सगळीच माणसे काढून देतो.

निकालाची कमाल संख्या २ ठेवली. शून्य आले तर नापास, एक आले तर पुढे, दोन आले तर नापास आणि प्रशासकाला सूचना. पहिली सापडली ती नोंद उचलणारी स्क्रिप्ट दुहेरी नोंदींच्या दिवशी भलत्याच माणसाचा पासवर्ड तपासते. शोधाचा आधार डोमेनच्या मुळाशी होता, त्यामुळे ॲक्टिव्ह डिरेक्टरी निकालासोबत डीएनएसच्या विभागांकडे जाणारे रेफरल (‘तिकडेही शोधा’ असे निर्देश) देऊ लागली आणि लायब्ररी त्यांचा माग काढत लटकू लागली. रेफरलचा पाठलाग बंद केल्यावर ते थांबले.

सापडलेल्या नोंदीचा डीएन, म्हणजे तिचे डिरेक्टरीतले पूर्ण नाव, हाती आला, की त्याने बाइंड करायचा तो वेगळ्या, नव्या जोडणीवर. पहिल्या मसुद्यात वेग वाढवायला जोडण्यांचा पूल (उघड्या ठेवून पुन्हा पुन्हा वापरायच्या जोडण्यांचा साठा) वापरला होता आणि त्याच जोडणीवर माणसाचा बाइंड होत होता. बाइंड जोडणीची ओळखच बदलतो. यशस्वी झाला तर ती जोडणी त्या माणसाची होते आणि पुढच्या विनंतीचा शोध त्याच्या अधिकारांनी चालतो. फसला तर जोडणी अनामिक होते आणि पुढचा शोध कोड १ देऊन पडतो, ‘या क्रियेआधी यशस्वी बाइंड व्हायला हवा’ अशा संदेशासह. म्हणजे एकाचा पासवर्ड चुकला की नंतर येणाऱ्या दुसऱ्याच माणसाचे काम अडते. असा दोष अधूनमधूनच दिसतो आणि शोधायला फार जड जातो. शोधाच्या जोडण्या पुलात ठेवा, तपासणीची जोडणी एका वापरानंतर बंद करा.

बाइंडनंतर त्याच जोडणीवर ‘हू ॲम आय’ ही विस्तारित क्रिया चालवली. सर्व्हर त्या क्षणी आपल्याला कोण समजतो, ते ती सांगते. उत्तर रिकामे आले तर जोडणी अनामिक आहे आणि कोड ० असूनही पायरी नापास. रिकाम्या पासवर्डाची अट आधी लावलेली असताना हे कशाला, असे वाटेल. पण मूळ चूक ‘०’ या अंकावर विसंबण्याचीच होती आणि सर्व्हरकडूनच ओळख वदवून घेणे हा तिच्यावरचा नेमका उपाय आहे.

गटाची तपासणी त्यानंतर, पुन्हा सर्व्हिस अकाउंटच्या जोडणीवर. ‘मेंबरऑफ’ या गुणधर्मात फक्त थेट सदस्यत्व दिसते. गटाच्या आतल्या गटात असलेला माणूस तिथे सापडत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा जुळणी-नियम फिल्टरमध्ये वापरला, तर सर्व्हर पूर्ण साखळी तपासतो.

पोर्ट ३८९ वरून उघडा सिंपल बाइंड अर्थातच बंद केला, कारण त्यात पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जातो. ६३६ वर टीएलएस घेतले आणि सर्टिफिकेटची पडताळणी सक्तीची केली. डोमेनच्या नावाने जोडणी केली तर सर्टिफिकेटवरचे नाव जुळेना, कारण त्यावर कंट्रोलरचे पूर्ण नाव होते. जुन्या स्क्रिप्टमध्ये याच अडचणीवर पडताळणीच बंद करून ठेवलेली होती. आता स्क्रिप्ट प्रत्येक कंट्रोलरच्या पूर्ण नावानेच जोडणी उघडते.

एका बाइटची गोष्ट

नव्या पायरीची तुलना करायला एलडॅपसर्च हे आदेशपंक्तीचे साधन वापरले, तेव्हा बरोबर पासवर्डालाही ते ४९ देत राहिले. आदेशात पासवर्ड उघडा लिहिला तर तो प्रक्रियांच्या यादीत दिसतो, म्हणून तो फाइलमध्ये ठेवून फाइलमधून वाचण्याचा पर्याय वापरला होता. पासवर्ड १२ अक्षरांचा, फाइल १३ बाइटची. एको आदेशाने फाइल लिहिताना शेवटी नवी ओळ जोडली गेली होती आणि हे साधन फाइल जशीच्या तशी पासवर्ड म्हणून घेते, शेवटची नवी ओळसुद्धा. प्रिंटएफने फाइल लिहिल्यावर ती १२ बाइटची झाली आणि बाइंड लागला. वर्कफ्लोत सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड सीक्रेट म्हणून फाइलवाटे येत असेल, तर हा एक बाइट आधी मोजून पाहा.

पासवर्ड राहतो कुठे, हेही तपासावे लागले. इंजिन प्रत्येक पायरीचे इनपुट इतिहासात साठवत होते आणि फॉर्म दुरुस्त झाल्यापासूनचे सगळे पासवर्ड तिथे वाचता येत होते. तो रकाना गुप्त म्हणून घोषित केला, जुना इतिहास पुसला आणि संबंधितांना पासवर्ड बदलायला सांगितले. ॲन्सिबलसारख्या, सर्व्हरवरची कामे आपोआप चालवणाऱ्या साधनात अशा कामाला ‘नो लॉग’ लावतात. तो लावला तर त्रुटीचा तपशीलही झाकला जातो, म्हणून निकालाचा कोड वेगळ्या चलात घेऊन तेवढाच छापावा.

शेवटच्या चाचणीत सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा करून पाहिला. पहिल्या मसुद्याने फॉर्म भरणाऱ्याला सांगितले, ‘तुमचा पासवर्ड चुकीचा आहे.’ दोन बाइंड, दोन ठिकाणचे ४९ आणि संदेश एकच. आता शोधाच्या बाइंडला ४९ आला, की पायरी ‘तपासणी सेवा बंद आहे’ असे सांगून थांबते, माणसाच्या नावाने एकही प्रयत्न होत नाही आणि सूचना डिरेक्टरी सांभाळणाऱ्यांकडे जाते. सर्व्हिस अकाउंटची मुदत संपण्याच्या १४ दिवस आधीची आठवणही त्याच यादीत लावली आहे.